सुईला लागणारा अडथळा

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचे महिलांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी देशभर नवा वैद्यकीय अभ्यासक्रम आला आणि महाविद्यालयांना कौशल्य-प्रयोगशाळा बंधनकारक झाली. रुग्णाला हात लावण्याआधी विद्यार्थ्याने पुतळ्यावर हात बसवावा, हा हेतू. तो मोलाचा आहे. शिकाऊ हाताची पहिली सुई आजवर जनरल वॉर्डातल्या गरिबानेच सोसली. स्पेशल रूममधल्या माणसावर कोणी शिकत नाही.

आता पुतळ्याच्या जोडीला डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा आला आहे. त्याच्या बाजूने येल विद्यापीठातला २००२ सालचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांपैकी ज्यांनी संगणकी आभासावर सराव केला, त्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवले. चुकाही सुमारे सहापट कमी. आकडे खरे आहेत. पण त्या प्रयोगात चष्मा नव्हता, पडदा होता. आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया मुळातच पडद्याकडे बघत, लांब दांड्याच्या हत्यारांनी करतात. सराव आणि काम यांचे रूप जवळजवळ एकच. सलाईनची सुई लावण्याला हा दाखला कसा लागू पडेल?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच विषयाचा आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर. शीर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. टाके जाड कापडावर नि मऊ कातड्यावर. (आपल्याकडे या अध्यायाचा उपयोग बहुधा अभिमानापुरताच होतो.) ही यादी दिसण्यावरून केलेली नाही. कोहळा माणसासारखा दिसत नाही. हाताला अडथळा कसा लागतो, त्यावरून प्रत्येक वस्तू निवडली आहे. चष्म्यात दिसते सगळे, पण सुई शिरेत उतरताना जो बारीक झटका बसतो, तो हातातल्या नियंत्रकाच्या थरथरीत नसतो. बळाचा प्रत्यय देणारी यंत्रे आहेत, महागडी.

कामांचा क्रम पाठ करायला, क्वचित येणारा आणीबाणीचा प्रसंग आधी अनुभवायला चष्मा चांगला, हे मी मान्य करतो. पण ताम्हिणीकडच्या उपकेंद्रातली परिचारिका डोळ्यांसमोर आणा. बाहेर धो धो पाऊस, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू. गर्भाशय घट्ट झाले की सैलच आहे, हे तिच्या तळव्यालाच कळायचे. यासाठी नॉर्वेच्या लेरडाल कंपनीचे मामानॅटली नावाचे साधन आहे. शिकवणारी ते पोटाला बांधते आणि गर्भाशय सैल किंवा घट्ट करून, रक्तस्राव कमीजास्त करून दाखवते. त्याला वीज लागत नाही. पिशवीत घालून पौडपासून ताम्हिणीपर्यंत कुठेही नेता येते.