न्याहारी आणि खिडकी

उपाहारगृहाची परीक्षा त्यातील पदार्थांवरून करावी, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. तेथे बसून जिभेला काय मिळते याबरोबरच डोळ्यांना काय दिसते, हेही पाहावयास हवे. आकुर्डी-प्राधिकरण भागात युरोपीय धर्तीची जी लहान, नीटनेटकी उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांचा विचार या दुसऱ्या कसोटीने करावयाचा आहे.

प्रथम श्रेय मोकळ्या मनाने द्यावे. क्रॉसाँ खुसखुशीत असतो, आम्लेट मऊ असते, कॉफी बेताची कडू असते. एखादी तरुणी पुस्तक घेऊन एकटीच तासभर बसते, आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. आमच्या विद्यार्थिदशेतील हॉटेलांत ही सोय दुर्मीळ होती. समाजाच्या दृष्टीने हा लाभ थोडा नव्हे.

या न्याहारीवर परकेपणाचा आक्षेप कित्येक जण घेतात. तो टिकण्याजोगा नाही. पाव, बटाटा हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. किंबहुना ज्या पगारावर कामगार नगरीचा संसार चालतो, तो ‘पगार’ही त्यांचाच! खुद्द क्रॉसाँचे मूळ व्हिएन्नाचे. पॅरिसने त्याला एकोणिसाव्या शतकात आपलेसे केले. तेव्हा पदार्थ कोठून आला हा प्रश्न गौण होय. तो येथे येऊन कोणाशी ओळख करून घेतो, हा खरा प्रश्न.

येथे अरुण कोलटकरांचे स्मरण होते. मुंबईस काळा घोडा चौकात ‘वेसाइड इन’ नावाचे इंग्रजी वळणाचे उपाहारगृह होते. आज ते राहिलेले नाही. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारा हा कवी तेथे वर्षानुवर्षे खिडकीशी बसत असे. ‘काला घोडा पोएम्स’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील न्याहारीवरच्या दीर्घ कवितेचा नायक आतला टोस्ट नव्हे. बाहेर वाहतूक-बेटावर येणारी इडली, आणि तिच्याभोवती जमणारे रस्त्यावरचे लोक, हाच तिचा विषय. उपाहारगृह परकीय वळणाचे होते, म्हणून कवितेचे काही अडले नाही. खिडकी उघडी होती, एवढे पुरे झाले.

कवी तरी काचेच्या आतच बसला होता ना, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. परंतु अंतर मान्य करून पाहणे आणि अंतर झाकून बसणे, यांत मोठा भेद आहे.

आकुर्डीत मला खटकते ते हे झाकणे. ज्या उपाहारगृहांचा अनुभव मी घेतला, त्यांच्या काचांवर पडदे होते आणि भिंतींवर आयफेल मनोऱ्याची चित्रे. बाहेर पहिल्या पाळीचे लोक कारखान्यांच्या बसची वाट पाहत असतात. पोह्यांच्या गाडीवर वाफ उसळत असते. आकुर्डी स्थानकावरून लोणावळ्याची लोकल जाते. यातले काहीही आत येत नाही. याच पट्ट्यात चाकणला २००९ मध्ये फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. म्हणजे युरोप येथे चित्रातून नव्हे, लोखंडातून आणि घामातून आलेला आहे. त्याची खूण मात्र या न्याहारीच्या मेजावर कोठेच सापडत नाही. पदार्थांची यादी मराठीत नसते, त्यामुळे शेजारच्या आजीबाईंना नातीच्या मदतीवाचून काय मागवावे तेही कळत नाही. मग हे उपाहारगृह शेजारचे कसे?

उपाय महाग नाही. पडदा सारावा, एक मेज रस्त्याकडे तोंड करून मांडावे, यादी मराठीतही लिहावी. क्रॉसाँ आहे तसाच राहू द्यावा. त्याची काहीच तक्रार नाही.