हिरवे गोंदण, काळी कातडी

मराठी साहित्यातले गोंदण हिरवे असते. कथेतली खेडवळ नायिका असो, तमाशापटातली नर्तिका असो की भावगीतातली प्रेयसी असो, तिच्या कपाळावर किंवा मनगटावर हिरवे गोंदण हटकून असते. आणि ते जिच्यावर उठून दिसते ती कातडी, लेखकाने सांगितले नाही तरी, गोरी असते. शांताबाई शेळके यांच्या एका कवितासंग्रहाचे नावच ‘गोंदण’ आहे. एखादी आठवण ‘मनावर गोंदली गेली’ असे आपण सगळेच म्हणतो. वर्गात मीही म्हणत आलो. या शब्दप्रयोगांच्या मागे कुणाची कातडी उभी आहे, हा प्रश्न मात्र मला पदव्युत्तर शिक्षण पुरे होऊन नोकरी लागेपर्यंत पडला नव्हता.

माझ्या आजीचे गोंदण हिरवे नव्हते. १९७२ च्या दुष्काळानंतर ती मराठवाड्यातून मुंबईला आली आणि कांजूरमार्गच्या पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, एका झोपडीत तिने संसार मांडला. तिच्या मनगटावर तुळस होती, दंडावर विंचू, कपाळावर तीन ठिपके. आजी काळी होती. सावळी, निमगोरी, गव्हाळ असले सवलतीचे शब्द तिला लावता येत नव्हते. तिच्या हातावरची तुळस दिव्याच्या उजेडात दिसतच नसे. उन्हात हात तिरपा धरला की ती काळ्यावर काळी अशी वर यायची. शाळेत असताना मी पुस्तकातले वाचून तिला विचारले होते, “तुझं गोंदण हिरवं का नाही?” ती म्हणाली, “हिरवं बामणीच्या हातावर आसतंय. आपलं काळंच. पर हाय का न्हाई? पुसलं का?”

हे उत्तर मला तेव्हा अडाणीपणाचे वाटले होते. आज वाटते, सौंदर्यशास्त्राच्या वर्गात एवढे नेमके विधान मी ऐकलेले नाही.

आधी त्यातले शास्त्र पाहू. पारंपरिक गोंदणाचा रंग म्हणजे दिव्याची काजळी, म्हणजेच कार्बन. तो काळाच असतो. सुईने तो कातडीच्या वरच्या थराखाली, एक ते दोन मिलिमीटर खोल, आतल्या थरात जातो. वरचा थर जेमतेम दशांश मिलिमीटरचा, पण कातडीला रंग देणारे मेलॅनिन मुख्यतः त्याच थरात असते. म्हणजे गोंदण कातडीवर नसतेच. ते कातडीच्या आत असते आणि आपण ते कातडीतून पाहतो. गोऱ्या कातडीत प्रकाशातल्या निळ्या-हिरव्या लहरी वरच्या वर विखरून डोळ्यांकडे परततात, म्हणून खालची काजळी हिरवट-निळसर भासते. काळ्या कातडीतले मेलॅनिन नेमक्या याच लहरी सर्वांत जास्त शोषून घेते. म्हणून तिथे काजळी काजळीसारखीच दिसते. मराठी कवितेला ज्याचा एवढा मोह पडला ते हिरवेपण शाईत नव्हतेच. ते पाहणाऱ्याने गृहीत धरलेल्या कातडीत होते.

मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-काळ्यांत जवळपास सारखीच असते, हेही इथे सांगून टाकतो. फरक पडतो तो त्यांनी तयार केलेल्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि पसरण्यात.

हा विषय डोक्यात घोळण्याचे कारण माझा एक विद्यार्थी. तोही कांजूरमार्गचाच, माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा. गेल्या वर्षी चैत्यभूमीवर जाण्याआधी त्याने इथल्याच एका दुकानात दंडावर ‘जय भीम’ आणि त्याखाली अशोकचक्र काढून घेतले, निळ्या रंगात. दुकानातला अल्बम त्याने मला मोबाईलवर दाखवला. पन्नासेक छायाचित्रे असतील. एकही दंड आपल्यासारखा नव्हता. निळा, जांभळा, पिवळा, पांढरा, सगळे रंग दुधाळ कातडीवर झळकत होते. या मुलाच्या दंडावर तो निळा पहिले काही आठवडे चमकला आणि मग शाईच्या डागासारखा काळपट होऊन बसला. त्याहून वाईट म्हणजे चक्राच्या आऱ्या उचलून आल्या, बोट फिरवले की लागतात. कारागीर म्हणाला होता, “काळ्या स्किनवर कलर बसत नाही, दोन-तीनदा मारावं लागतं.” आणि त्याने मारले.

रंग बसत नाही हे खोटे आहे. रंग बसतो तितकाच बसतो; वरच्या थरातून तो वेगळा दिसतो एवढेच. पिवळा आणि पांढरा जवळपास नाहीसे होतात, तांबडा विटकरीकडे झुकतो, निळा काळपटतो, काळा टिकतो. सुई पुन्हा पुन्हा मारल्याने रंग वाढत नाही, जखम वाढते. आणि काळ्या कातडीत जखमेचा वण फुगून येण्याची शक्यता अधिक असते. ज्याला हे ठाऊक नाही तो आपले अज्ञान गिऱ्हाइकाच्या कातडीच्या नावावर मांडतो. शाळेत आमच्या पोरांना गणित आले नाही की गणित ‘यांच्या डोक्यात बसत नाही’ असे म्हणणारे शिक्षक मला आठवले.

पण पुढे त्या मुलाने जे विचारले त्याने मी गप्प झालो. “सर, आपला निळा आपल्याच कातडीवर का दिसत नाही?”

याचे भौतिकशास्त्र मी त्याला समजावले. हा रंग लेझरने काढायचा म्हटले तरी तीच अडचण आहे: निळ्या-हिरव्या शाईला ज्या लहरींचा प्रकाश लागतो तो मेलॅनिनही शोषते, आणि शाईऐवजी कातडी भाजून पांढरे चट्टे राहू शकतात. काळ्या शाईला १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश चालतो, तो मेलॅनिनला कमी बाधतो. कातडीचे प्रकार ठरवणारी जी फिट्झपॅट्रिक श्रेणी त्वचारोगतज्ज्ञ आजही वापरतात, ती १९७५ साली मांडली गेली तेव्हा गोऱ्या कातडीपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपण परिशिष्टात आलो. ही सवय कवितेचीच आहे असे नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण प्रस्थापितांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतले. संताप घेतला, भाषेतला बेडरपणा घेतला. पण काळे सुंदर आहे हे तिथल्या चळवळीने जितक्या उघडपणे मांडले, तेवढे आपण घेतले नाही. आपल्या कवितेत अंधार म्हणजे गुलामी, उजेड म्हणजे मुक्ती, सूर्य म्हणजे बाबासाहेब. ही प्रतिमासृष्टी समर्थ आहे, ती मी वर्गात अभिमानाने शिकवतो. पण काळा रंग तिच्यात बहुतेक वेळा हटवायची गोष्ट म्हणून येतो. माझी आजी त्या कवितेत कुठे बसते? मी पाहिलेल्या एका बौद्ध वधू-वर मेळाव्याच्या अर्जात ‘वर्ण’ असा रकाना होता, आणि बहुतेकांनी तिथे ‘गोरा’ किंवा ‘निमगोरा’ भरले होते. मीही भरताना अडखळलो होतो.

इथे एक खुलासा केला पाहिजे. जात म्हणजे रंग नव्हे. अस्पृश्यता वंशभेदातून आली हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये खोडून काढला आहे, आणि आपल्या वस्तीत सगळ्या छटांची माणसे आहेत. माझे म्हणणे अभिरुचीपुरते आहे: जात वंशातून आली नसली तरी सौंदर्याच्या कल्पनेत गोरेपणाने वरची जागा बळकावली आहे, आणि ती आपण रिकामी करवून घेतलेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ते टाकून द्या. लुगडे बदलता आले, गळ्यातले आणि हातातले काढता आले. १९५६ च्या धर्मांतरानंतर घरातले देव पाण्यात सोडता आले. आजीच्या मनगटावरची तुळस सोडता आली नाही. ती त्रिशरण म्हणायला हात जोडायची तेव्हा तुळस तिच्यासोबत हात जोडायची. आपली आत्मकथने शरीराबद्दल खूप काही सांगतात. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधली बाळंतिणीची भूक विसरता येत नाही. पण न काढता येणाऱ्या या खुणेचे काय करायचे, तिची लाज धरायची की ती जपायची, यावर आपल्या समीक्षेत मला फारसे काही सापडत नाही. गुलामीची खूण म्हणून एका वाक्यात निकाल लावणे सोपे आहे. आजीने मात्र ते गोंदण लपवले नाही आणि मिरवलेही नाही. “मेल्यावर संगं येतंय ते येवढंच,” असे ती म्हणायची, आणि त्याच दमात या जुन्या समजुतीला हसायची.

‘मनावर गोंदले’ म्हणजे कायमचे, हेही तसे अर्धसत्य आहे. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले की गोंदणाचे कण कातडीतल्या भक्षक पेशी गिळून ठेवतात; त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. गोंदण टिकते ते एका पेशीने दुसरीच्या हाती दिल्यामुळे. या काळात काही कण लसिकाग्रंथींत जातात, रेषा जाड होते, कडा विरतात. अल्बममधले अनेक रंग उन्हाने विटतात. काजळीला ऊन फारसे काही करू शकत नाही.

म्हणजे पाहा, ज्या बाईने आजीला गोंदले तिने रंग बरोबर निवडला होता. आमच्या कातडीतून सर्वांत जास्त दिसणारा, उन्हातान्हात राबणाऱ्या हातावर टिकणारा. तिच्या रेषा ठळक होत्या आणि ठिपके सुटे होते. वर्षांनी रेषा पसरणार हे गृहीत धरून मध्ये जागा सोडली असावी, असे मला आता वाटते. म्हणून सत्तरीतही विंचवाच्या नांग्या वेगळ्या मोजता येत होत्या. सुई एकच, सगळ्या बायांना तीच, हा धोका होता आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण काळ्या कातडीचे एवढे ज्ञान असलेली ती भटकी कारागीर बाई मराठी साहित्यात येते ती पारावर टोपली घेऊन बसलेली, नायिकेच्या शृंगारापुरती. तिचे नाव कुणी विचारत नाही. मीही विचारले नाही. आजीला ते ठाऊक असावे, कारण तिला एवढे पक्के आठवत होते: बाई सुगीत यायची, तुळशीला शेरभर जोंधळे घ्यायची, आणि ठिपक्यांचे काही घ्यायची नाही.