स्खलन, स्तंभन आणि विलंब : एका शब्दक्षेत्राची चिकित्सा

कामसुखाचा परमोच्च क्षण हेतुपुरस्सर लांबविणे आणि त्या लांबण्यातून सुखाची वृद्धी साधणे, हा विषय आपल्या परंपरेला अपरिचित नाही. परंतु त्याविषयी बोलावयाची जी भाषा मराठीला वारशाने मिळाली आहे, ती त्या विषयाला न्याय देणारी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वैद्यकीय सल्ला देणे हा या लेखाचा हेतू नव्हे. येथे चिकित्सा करावयाची आहे ती शब्दांची. मात्र शब्द सदोष असले म्हणजे त्यांच्या आधाराने जगणाऱ्या माणसांनाही त्याची झळ पोचते, म्हणून ही चिकित्सा केवळ कोशकारांपुरती राहत नाही.

प्रथम 'स्खलन' हा शब्द घेऊ. 'स्खल्' या धातूचा अर्थ अडखळणे, ठेचाळणे, घसरणे. मनुष्य स्खलनशील आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या हातून होणारा प्रमाद अभिप्रेत असतो. कामक्रियेच्या परिपूर्तीलाही आपण तोच शब्द लावतो. म्हणजे सुखाचा कळस हा भाषेच्या दृष्टीने एक घसरण ठरतो. त्याच्या जोडीला 'वीर्य' हा शब्द येतो. 'वीर' शब्दापासून सिद्ध झालेल्या या नामाने शरीरद्रव्य आणि पराक्रम या दोहोंचा बोध होतो. अशा परिस्थितीत 'शीघ्रपतन' हे निदान न राहता निकालपत्र होते. शिवाय या संपूर्ण शब्दक्षेत्रात स्त्री नाही. तिच्या परमोच्च सुखाला रूढ मराठीत सर्वमान्य असे एकशब्दी नाव आढळत नाही.

घसरण मानली की तिला टेकू हवा, आणि तो 'स्तंभन' या शब्दाने पुरविला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्तंभन हा सहा उपक्रमांपैकी एक असून, वाहणाऱ्या द्रव्यास रोधणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. शार्ङ्गधरसंहितेत जायफळाला शुक्राचे स्तंभक म्हटले आहे. हठप्रदीपिकेतील वज्रोली मुद्रेतही बिंदूचे रक्षण सांगितले आहे. परंतु तेथे अंतिम प्रयोजन मृत्युजय हे आहे, रतिसुख नव्हे. वैद्याचा आणि योग्याचा हा शब्द पुढे बाजाराने उचलला व त्याला 'शक्ती'ची जोड दिली. कामसुखाची क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. तथापि कायद्याने जाहिरात रोखता येते. तिने रुजविलेला अर्थ रोखता येत नाही.

या तिन्ही ठिकाणी विचार एकट्या पुरुषाच्या शरीराचा आहे. वात्स्यायनाची भूमिका याहून निराळी आहे, आणि तिच्याकडे आपल्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. कामसूत्राच्या सांप्रयोगिक अधिकरणात प्रमाण, काल आणि भाव या तीन अंगांनी वर्गीकरण केले असून, कालदृष्ट्या शीघ्र, मध्य आणि चिर असे भेद सांगितले आहेत. लगेच वाद उपस्थित होतो तो स्त्रीच्या सुखाविषयी. पुरुषाप्रमाणे स्त्रीला भावप्राप्ती होत नाही, असे औद्दालकीचे मत. तिचा भाव आरंभापासून अखंड असतो, असे बाभ्रवीयांचे मत. वात्स्यायन दोघांच्या सुखात जातिभेद मानीत नाही आणि स्त्रीला आधी रतिप्राप्ती होईल अशा रीतीने वागावे, असा निष्कर्ष काढतो. म्हणजे काल ही येथे पुरुषाच्या बळाची मोजपट्टी नसून दोघांच्या मेळाची बाब आहे. उपदेशाचा श्रोता या प्रकरणातही मुख्यतः नागरक पुरुषच आहे, ही मर्यादा अर्थातच नोंदविली पाहिजे.

आधुनिक शास्त्राचा रोख याच दिशेने आहे. जेम्स सीमन्स या अमेरिकन वैद्याने १९५६ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे : क्षण जवळ आल्याची जाणीव होताच थांबावे, आवेग ओसरू द्यावा, पुन्हा आरंभ करावा. १९७० मध्ये मास्टर्स व जॉन्सन यांनी दांपत्याला एकत्र घेऊन तिचा विकास केला. यात रोधण्यापेक्षा ओळखण्याला महत्त्व आहे. असा सराव एकट्यानेही करता येतो. परंतु त्यासाठी मन निर्भय हवे, कारण भयाने केलेली कृती उरकण्याकडेच झुकते. मराठीत हे भय दूर करण्याचे कार्य र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून केले. हस्तमैथुनाविषयीच्या भ्रामक समजुतींवर त्यांनी प्रहार केला आणि कामसुखावर स्त्रीचाही समान अधिकार मानला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. मोजमापाच्या भ्रमावरही आता उतारा उपलब्ध आहे : २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील पाहणीत योनिसंभोगाच्या कालाचा मध्यक सुमारे ५.४ मिनिटे आढळला. जाहिरातींनी पोसलेल्या कल्पनांशी तो ताडून पाहण्यासारखा आहे.

मग योग्य शब्द कोणता? माझ्या मते तो आपल्याजवळ आहेच. 'लम्ब्' म्हणजे लोंबणे, रेंगाळणे. त्यापासून 'विलंब' आणि संगीतातील 'विलंबित'. विलंबित ख्यालात सम रोधलेली नसते. दोन समांमधील अवकाश विस्तारलेला असतो. गायक व तबलजी दोघांनाही सम ठाऊक असते, आणि ती ठाऊक असण्यातच प्रतीक्षेची गोडी असते. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या रामजोशींच्या लावणीपरंपरेतील शृंगारही रसिकाला प्रतीक्षेचा आस्वाद शिकवितो. काव्यात आणि गायनात जी गोडी आपण प्रतिष्ठित मानली, तिला शरीराच्या संदर्भात मात्र स्तंभनाचे नाव देऊन औषधालयात धाडले.

यावर एक आक्षेप संभवतो : विलंबाचाही उद्या दंडक होईल, आणि न लांबविणारा पुन्हा दोषी ठरेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच द्रुत लयीलाही मैफलीत मानाचे स्थान असते, हे विसरता कामा नये. लय कोणती हे दोघांनी, किंवा एकटे असता ज्याचे त्याने, ठरवावयाचे असते. 'स्खलन' व 'स्तंभन' या शब्दांनी हा निर्णय आधीच करून ठेवला आहे. 'विलंब' हा शब्द तो खुला ठेवतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी आणि शिकविणाऱ्यांनी त्याचा स्वीकार करावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.