धवले : आगऱ्यांचे आणि वारल्यांचे

दोन समाजांचीं गाणीं कानास सारखीं लागलीं कीं त्यांचें मूळ एकच, असा निर्णय देण्याची घाई संगीतावर लिहिणारांस फार असते. आफ्रिकेंतील एक उदाहरण घेऊं. इरिट्रियांतील तिग्रिन्या लोक आणि मोरोक्कोच्या सूस प्रांतांतील बर्बर, म्हणजे स्वतःस अमाझिघ म्हणविणारे लोक, यांच्या गाण्यांत साम्य खरेंच आहे. दोहोंकडे पांच स्वरांचें सप्तकच प्रमुख, टाळ्यांची साथ, आणि मुख्य गायकास समूहानें दिलेलें उत्तर. परंतु पांच स्वरांचें गाणें चीनमध्यें आहे, स्कॉटलंडमध्यें आहे, आणि आपला भूपही पांच स्वरांचाच. एवढ्याच पुराव्यावर नातें जुळवावयाचें तर सारें जग एका गोत्रांत घालावें लागेल!

हाच प्रश्न आम्ही घराजवळ आणून पाहतों. माजिवडा हें नांव आज घोडबंदरचा रस्ता नाशिकच्या महामार्गास मिळतो त्या चौकामुळें सर्वांस ठाऊक आहे. त्याच ठाण्याच्या आसपास आगरी समाजांत लग्नविधींच्या वेळीं धवलारीण धवले गाते. उत्तरेस डहाणू-तलासरीकडे, २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत, वारल्यांच्या लग्नांत धवलेरी गाते. थोड्या स्वरांत फिरणारी चाल आणि पुनः पुनः येणारी ओळ दोहोंकडे आहे. पण तेवढ्यावर थांबलों तर आमचाही युक्तिवाद वरच्याइतकाच लंगडा ठरेल.

खरें साम्य चालीच्या पलीकडे आहे. येथें गाण्याचें नांव एक आणि गाणारीचा अधिकारही एक. ती करमणुकीसाठीं गात नाहीं. तिच्या गाण्याबरोबर विधि पुढें सरकतो. भिंतीवर काढलेल्या चौकांत पालघट देवी बसते तेव्हां तिला आळविणारी धवलेरी एक प्रकारें पुरोहितच असते. आणि हें नांव कालचें नव्हे. तेराव्या शतकांत महदंबेनें रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले. त्याच शतकांत शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त धवल हा एक प्रबंध म्हणून नोंदला.

यावरून आगरी व वारली एकाच वंशाचे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. वारल्यांची पालघट त्यांची स्वतःची आहे. स्त्रीनें गाऊन लग्न लावण्याची एक जुनी चाल दोघांनीं राखली, एवढेंच आमचें म्हणणें. आणि तें स्वरलिपीवरून नव्हे, मांडवांत पाहूनच कळतें.

म्हणूनच लोकगीतांच्या संग्रहांविषयीं आमची तक्रार आहे. त्यांत बहुधा शब्द छापले जातात. चाल, गाणारी आणि विधींतील तिची जागा गळून जाते. उरलेल्या शब्दांवरून तुलना करणारा फसला तर दोष त्याचा एकट्याचा नव्हे. लग्नें मांडवांतून सभागृहांत गेलीं आणि ध्वनिक्षेपकापुढें धवलारणीचा आवाज मागें पडूं लागला. ज्यांच्या घरीं अद्याप तिला मानानें बोलावतात त्यांनीं तिचें गाणें विधीसकट, प्रत्येक क्रमाच्या नोंदीसह, ध्वनिमुद्रित करून ठेवावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.