हाताला कळलेली गोष्ट

सायबर कॅफेत तासाला वीस रुपये पडायचे, तेव्हाचे दिवस. ‘व्हाइस सिटी’ खेळायला आम्ही तिघं पैसे काढायचो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं. मिशनआधी पडद्यावरची माणसं बोलायला लागली की मागून ओरडा व्हायचा, ‘अरे उडव, उडव!’ आणि बटण दाबून सगळा प्रसंग उडवला जायचा. टॉमी व्हर्सेटी कोण, तो कुठल्या तुरुंगातून सुटून आला, त्याला कुणी फसवलं, यातलं काहीही दोन वर्षं खेळून आम्हाला ठाऊक नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे. ‘पँझर’ टाइप केलं की रणगाडा येतो, एवढं ज्ञान पुरत होतं. पुढे कधीतरी कळलं की टॉमीला आवाज रे लिओटाचा आहे. ‘गुडफेलाज’मधला रे लिओटा! मीटर चालू असल्यामुळे आम्ही त्याला रोज गप्प बसवत होतो.

त्यामुळे व्हिडिओ गेममध्ये गोष्ट मोठी की खेळ, हा वाद निघाला की मला आधी ते वीस रुपये आठवतात. गोष्टीला सवड लागते आणि भाषा लागते. अमेरिकी हेलातलं इंग्रजी आमच्या डोक्यावरून जायचं, आणि मराठीत बोलणारा गेम तर स्वप्नातही नव्हता. खेळायला बोटं पुरायची.

विद्यापीठांत हा वाद रंगला तो 1997 नंतर. त्या वर्षी नॉर्वेच्या एस्पेन आर्सेथ यांचं ‘सायबरटेक्स्ट’ आणि अमेरिकेतल्या जॅनेट मरे यांचं ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ ही पुस्तकं आली. 2001 मध्ये ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक निघालं. काहींना गेम म्हणजे कथनाचा नवा प्रकार वाटत होता. दुसरे म्हणत होते की नियम, चाल आणि हारजीत हाच गेमचा गाभा, बाकीची सजावट. मरे यांनी ‘टेट्रिस’मध्ये कामाच्या ओझ्याखाली पिचलेल्या नव्वदीतल्या अमेरिकी माणसाचं जगणं पाहिलं, आणि विरोधकांनी त्यांची भरपूर खिल्ली उडवली. टेट्रिस तर 1984 साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी तयार केला होता. अमेरिकेचा त्याच्याशी काय संबंध? तरी मरे अगदीच चुकल्या होत्या असं मला वाटत नाही. वरून ठोकळे पडत राहतात, नीट लावलेली ओळ नाहीशी होते, चुकलेली तेवढी साचत जाते. मार्चअखेरीला बँकेत बसलेल्या कुणालाही विचारा.

खरं तर नियमातून अर्थ सांगण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. मोक्षपटाशी परंपरा ज्ञानेश्वरांचं नाव जोडते. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातला साप खाली ओढतो, आणि सोंगटी किती सरकायची ते तुमच्या हातात नसतं. त्यात पात्रं नाहीत, प्रसंग नाहीत, पण पटावरची प्रत्येक घसरण काहीतरी बोलते. खेळ म्हणून तो कच्चाच, कारण खेळणाऱ्याला निवड अशी नाहीच. पण प्रारब्ध म्हणजे काय हे मुलाला समजवायचं, तर निवड नसणं हाच त्यातला सगळ्यात नेमका नियम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला, पुढे घरांवरची नावं पुसली गेली आणि नुसती सापशिडी उरली. पोरं आजही ती तितक्याच चवीनं खेळतात. खेळ मोठा म्हणणाऱ्यांनी हा दाखला जरूर वापरावा.

त्यांचा लाडका दाखला मात्र ‘डूम’चा असतो. 1993 मध्ये आलेला तो गेम घडत असताना टॉम हॉल यांनी पात्रं, स्थळं, कथानक असा भलामोठा आराखडा लिहिला होता. सहकारी जॉन कार्मॅक यांना त्यात रस नव्हता. आराखडा बराचसा बाजूला पडला, हॉल त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडले, आणि ‘डूम’ जगभर गाजला. पाच वर्षांनी आलेल्या ‘हाफ-लाइफ’नं तिसरीच वाट काढली. गोष्ट आहे, पण तिच्यासाठी खेळणाऱ्याच्या हातातून खेळ काढून घ्यायचा नाही. सुरुवातीला तुम्ही ट्रामच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाता. डब्यात उभं राहून इकडेतिकडे बघायचं, बस्स. तरी गोष्ट सुरू झालेली असते.

मोठ्या पैशांचे गेम त्या वाटेनं फारसे गेले नाहीत, सिनेमाच्या वाटेनं गेले. 2008 च्या ‘मेटल गियर सॉलिड 4’चा शेवट एक तासाहून जास्त चालतो. कंट्रोलर खाली ठेवा, चहा टाका, परत या. ‘अनचार्टेड’चा नेथन ड्रेक प्रसंगांमध्ये मिश्कील, दिलदार गडी, प्रसंग संपला की शेकडो माणसं मारतो आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा विनोद करतो. अशा विसंगतीवर क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरनं 2007 मध्ये, ‘बायोशॉक’च्या निमित्तानं, नेमकं बोट ठेवलं: गेमची गोष्ट एक सांगते आणि गेमचे नियम भलतंच करायला लावतात. तेव्हापासून समीक्षकांना ही विसंगती जिथे तिथे दिसते.

मला तिचा तेवढा त्रास होत नाही, आणि याचं श्रेय संगीत नाटकाला. विरहानं खंगलेली नायिका पद घेते, प्रेक्षक ‘वन्समोअर’चा गजर करतात, आणि ती नव्या ताना घेऊन पुन्हा तितकीच खंगते. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला कथानक थांबलं म्हणून कधी चुकचुकल्यासारखं झालं असेल असं वाटत नाही. गाणं आणि गोष्ट अशी दोन खाती आहेत हे त्यानं तिकीट काढतानाच मान्य केलेलं असायचं. ड्रेकचंही तसंच. दोन्ही खाती भरलेली असली की झालं. वैताग येतो तो गाणं बेसूर असतं तेव्हा. म्हणजे गोळीबार कंटाळवाणा आहे आणि पुढचा सुंदर प्रसंग बघायचा म्हणून तो सोसायचा, अशी पाळी येते तेव्हा. आजच्या बऱ्याच महागड्या गेमांचं दुखणं हेच आहे. सुरेख सिनेमाचे तुकडे, आणि मधे मजुरी.

‘द लास्ट ऑफ अस’ (2013) हा त्याच घराण्यातला, पण एका जागी तो घराण्याची रीत मोडतो. शेवटी इस्पितळात एली या मुलीला वाचवायला नायक जोएल शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. समोर सर्जन उभा. इथे चित्रफीत सुरू होत नाही. तुम्ही त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो, दुसरी वाट आहे का बघत. गेमवरून केलेल्या 2023 च्या मालिकेतही जोएल हेच करतो, आणि पेड्रो पास्कलनं ते चांगलं केलंय. पण तिथे दोष जोएलचा होता. गेममध्ये तो माझ्याही अंगाला लागला.

मला गेममधून हवी असते ती ही गोष्ट, हाताकरवी सांगितलेली. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (2013) बघा. आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या नाक्यावर तुम्ही पासपोर्ट तपासनीस. जितकी माणसं निकाली काढाल तितकी मजुरी. त्यातून भाडं, जेवण, घरातली ऊब. एक नवरा कागद दाखवून आत जातो. मागे त्याची बायको, तिच्याकडे परवाना नाही. आत घेतलं तर सूचनापत्र येतं, चुका वाढल्या की दंड, आणि घरी पोरगं आजारी. घड्याळ चालूच. सरकारी खिडकीच्या बाहेरच्या रांगेत आपण सगळे उभे राहिलेलो आहोत. हा गेम तुम्हाला खिडकीच्या आत बसवतो. तासाभरानं मी लोकांचे चेहरे बघणं सोडून दिलं होतं, नुसते शिक्के बघत होतो. कुठल्याही पात्रानं मला निर्ढावल्याचं ऐकवलं नाही. गरजच नव्हती.

माझ्या या मताला सुरुंग लावणारा गेमही आहे, तो सांगायला हवा. एस्टोनियातून आलेला ‘डिस्को एलिसियम’ (2019). त्यात लढाईची यंत्रणाच नाही. एक दारुडा पोलीस, चोवीस कौशल्यं, प्रत्येक कौशल्य त्याच्या डोक्यात बडबडणारं, आणि वाचायला शब्दांचा डोंगर. हाताला काम म्हणाल तर उत्तर निवडणं आणि फासे पडताना बघणं. तरी गेल्या दहा वर्षांत इतकं गुंतवणारं दुसरं काही मी खेळलो नाही. चांगलं गद्य हाताची उणीव भरून काढतं, एवढं मान्य. पण तसं गद्य लिहिणारे किती?

आपल्या पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं ‘राजी’ (2020) केला. राक्षसांनी पळवलेल्या गोलूला शोधणारी त्याची बहीण राजी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, कळसूत्री बाहुल्यांसारखे प्रसंग, भिंतींवरच्या चित्रांतून पुराणकथा. बघताना ऊर भरून येतो. खेळताना मात्र त्रिशूळ चालवणं लवकरच सवयीचं होतं, आणि राजी बहीण आहे हे तिच्या लढण्यातून कुठेच जाणवत नाही. तिच्या जागी दुसरा कुणी योद्धा असता तरी माझ्या बोटांनी हेच केलं असतं. याच्या उलट टोराँटोत घडलेला ‘वेन्बा’ (2023). तमिळ आई, तिच्या आईची फाटकी पाककृतींची वही, आणि पुसलेल्या ओळी अंदाजानं भरत केलेली इडली. चित्रं साधी, खेळ दोन तासांचा. पण ती वही वाचताना अडखळणं हीच तिथली चाल आहे, आणि तीच गोष्ट.

माझा भाचा या सगळ्याला हसतो. तो ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमवाला. त्यात गोष्ट नावालाही नाही, पण जेवताना तो कालचा सामना असा रंगवतो की ताटातली आमटी गार होते: गेममधल्या पोचिंकी गावातल्या घरात तो एकटा उरलेला, बाहेर पावलांचा आवाज, बंदुकीत तीन गोळ्या. ती गोष्ट कुणी लिहिलेली नाही.

दिवाळीत तो आला तेव्हा मी त्याला ‘ब्रदर्स’ (2013) लावून दिला. दोन भाऊ, कंट्रोलरचा डावा भाग थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई बुडून गेलेली. पोहायचं तर थोरल्याच्या पाठीवर बसून. पात्रांची भाषाही कुठल्या देशाची नाही, त्यामुळे उडवण्यासारखं बोलणंच नाही. भाच्यानं तो दोन संध्याकाळी खेळला. थोरला मेला तेव्हा तो काही बोलला नाही. मग आजारी बापासाठीचं औषध घेऊन एकटा धाकटा पाण्याशी आला. भाच्यानं उजवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पोरगं काठावर थरथरत उभं.

‘मामा, कंट्रोलर बिघडलाय.’

मी पेपर वाचत होतो, तो तसाच वाचत राहिलो. बराच वेळ खटखट ऐकू आली, मग थांबली. वर पाहिलं तर त्याचं डावं बोट, जे इतका वेळ नुसतंच पडलेलं होतं, थोरल्याच्या बटणावर होतं.