‘स्टार ट्रेक’ : नवागताचा प्रवेश

ज्या कृतीचा विस्तार पर्वतप्राय झाला आहे तिच्याकडे नव्यानें वळणाऱ्या रसिकापुढें पहिला प्रश्न गुणदोषांचा नसून प्रवेशद्वाराचा असतो. महाभारत वाचूं इच्छिणारानें आदिपर्वांतील वंशावळींपासून आरंभ करावा कीं एकदम सभापर्व उघडावें, हा वाद आपल्याकडे नवा नाहीं. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथामालेसंबंधानें हाच प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. ८ सप्टेंबर १९६६ रोजीं एन्. बी. सी. या दूरचित्रवाणी-संस्थेनें अमेरिकेंत तिचा पहिला भाग दाखविला. त्यानंतर मूळ मालिकेचे ७९ भाग, तिच्या पोटीं जन्मलेल्या अनेक मालिका आणि १९७९ ते २०१६ या काळांतील तेरा चित्रपट एवढा हिचा पसारा झाला. आम्हीं तो प्रौढ वयांत, बालपणींच्या कोणत्याहि ममतेवांचून, पाहावयास घेतला. जाणकारांचा सल्ला बहुधा एकच पडला : जुनी मालिका सोडून द्या, ती आतां हास्यास्पद वाटेल, १९८७ सालच्या ‘नेक्स्ट जनरेशन’पासून किंवा एखाद्या गाजलेल्या चित्रपटापासून आरंभ करा. हा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. तो कां मान्य नाहीं हें सांगण्याच्या ओघांत या कृतीचें मर्म कोठें आहे हेंहि सांगतां येईल.

जुन्या मालिकेचें दारिद्र्य डोळ्यांत भरतें, हें खरें. खडक उघडउघड कृत्रिम. परग्रहावरील आकाश म्हणजे रंगीत पडदा. नौका प्रत्येक ग्रहावर उतरलेली दाखविण्याचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, म्हणून माणसांना एका ठिकाणीं विरघळवून दुसऱ्या ठिकाणीं प्रकट करण्याची युक्ति काढण्यांत आली. आणि हीच युक्ति पुढें या मालेची जगप्रसिद्ध खूण होऊन बसली! परंतु ज्या समाजानें रंगविलेल्या पडद्यापुढें उभ्या असलेल्या नटाच्या मुखांतून अरण्यें आणि राजवाडे पाहिले, त्यानें या दारिद्र्याला हंसावें हें आम्हांस विचित्र वाटतें. देखाव्यानें भागत नाहीं तेथें शब्दांना काम करावें लागतें. या मालिकेंत तें शब्दांनीं केलें आहे.

१९६७ सालचा ‘डेव्हिल इन द डार्क’ हा भाग पाहावा. एका ग्रहावरील खाणींत अज्ञात प्राणी मजुरांस मारीत आहे. त्याला ठार करण्यासाठीं कॅप्टन कर्क व त्याचा अर्धमानवी सहकारी स्पॉक यांना पाचारण केलें जातें. प्राणी दिसतो तो अगदींच कांबळें पांघरून रांगणाऱ्या माणसासारखा, आणि खरोखर तो तसाच आहे. पण कथेचें वळण पाहा. खाणकामगार ज्या गोल दगडांना निरुपयोगी समजून फोडून टाकीत होते तीं त्या प्राण्याचीं अंडीं असतात, आणि राक्षस ठरलेली ती मादी आपल्या संततीचें रक्षण करणारी आई निघते. याहूनहि सूक्ष्म असें एक स्थळ आहे. आरंभीं प्राण्यास शक्य तर जिवंत ठेवावें असें स्पॉक म्हणत असतो आणि कर्क वधाची आज्ञा देत असतो. पण कर्क त्या प्राण्यासमोर एकटा सांपडतो तेव्हां भूमिका उलटतात. मित्राच्या जिवाच्या भीतीनें तर्कनिष्ठ स्पॉक ‘मारा’ म्हणतो, आणि ज्याला मारावयाचें तो कर्क हात आवरून धरतो. येथें कोणी कोणास उपदेश करीत नाहीं. दोघांचेंहि तत्त्व प्रसंगाच्या ऐरणीवर ठेवून त्यावर घाव घातला आहे. शेवट युद्धानें न होतां करारानें होतो : पिलांनीं बोगदे खणावे, माणसांनीं खनिज वेंचावें.

त्याच वर्षींचा ‘सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग याहून कठोर आहे. कर्क १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्यें जाऊन पडतो व तेथें गोरगरिबांस अन्न देणाऱ्या एका शांततावादी स्त्रीवर अनुरक्त होतो. पण ती जगली तर तिच्या चळवळीमुळें अमेरिका युद्धांत उशिरा उतरेल आणि जर्मनीचा जय होईल, असें त्याला कळतें. तिला अपघातांतून वांचवूं पाहणाऱ्या आपल्याच डॉक्टरास तो धरून ठेवतो. शांतीचा पुरस्कार करणाऱ्या मालेनें शांतीचें मूल्य असल्या प्रसंगांत तपासावें, यांत तिचा प्रामाणिकपणा आहे.

दोष अर्थात् आहेत, आणि ते लहान नाहींत. तिसऱ्या वर्षांतील कित्येक भाग निव्वळ पोरकट आहेत. स्पॉकचा मेंदू चोरीस जातो तो भाग शेवटपर्यंत पाहणें ही शिक्षाच होय. काळ्या वर्णाची अधिकारी उहुरा, जपानी वंशाचा सुलू व शीतयुद्धाच्या ऐन भरांत आलेला रशियन चेकॉव्ह यांना एका नौकेवर बसविणारी ही माला १९६९ सालच्या आपल्या शेवटच्या भागांत, नौकेचें आधिपत्य न मिळाल्यानें भ्रमिष्ट झालेली स्त्री दाखवून संपते! स्त्रीला मध्यवर्ती नायकत्व मिळावयास १९९५ सालची ‘व्हॉयेजर’ यावी लागली. सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई यांचें बालपण मात्र येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें जपानी वंशाच्या ज्या नागरिकांना छावण्यांत कोंडलें त्यांत त्यांचें कुटुंब होतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे सुकाणूवर बसलेल्या त्या अबोल मूर्तीला निराळाच अर्थ येतो.

चित्रपटांकडे वळल्यास आमच्या वाचकांना १९७९ सालच्या पहिल्या चित्रपटांत एक ओळखीचा चेहरा भेटेल. मुंबईंत जन्मलेल्या व १९६५ सालीं ‘मिस इंडिया’ झालेल्या पर्सिस खंबाटा यांनीं त्यांत मुंडण करून परग्रहावरील स्त्रीची भूमिका केली आहे. चित्रपट मंद आहे. नौकेच्या प्रदक्षिणेंतच त्याचा बराच वेळ जातो. १९८२ सालचा ‘रॅथ ऑफ खान’ बहुतेकांस सर्वोत्तम वाटतो, आणि नवागतास दाखविला जातो तोहि हाच. खान नूनियन सिंग हें नांव धारण करणाऱ्या, भारतीय म्हणून कल्पिलेल्या या खलपुरुषाची भूमिका मेक्सिकोंत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टल्बान यांनीं मोठ्या झोकांत केली आहे. २०१३ सालीं तीच भूमिका एका इंग्रज नटाकडे गेली, त्याबद्दल काय बोलावें! असो. चित्रपट रंगतो यांत शंका नाहीं. परंतु सूडाच्या या कथेंत प्रश्नाचा निकाल शेवटीं तोफांनींच लागतो. शिवाय स्पॉकच्या मृत्यूचा जो प्रसंग येथें कळस म्हणून योजिला आहे, त्याचें दुःख मूळ मालिकेंत त्याच्याशीं सहवास केलेल्यांनाच होईल. इतरांच्या डोळ्यांतील पाणी उसनें.

‘नेक्स्ट जनरेशन’ निराळ्या कारणासाठीं पाहावी. मालेचे जनक जीन रॉडनबेरी यांचा तेथें असा दंडक होता कीं, भविष्यांतील सुसंस्कृत माणसें आपसांत क्षुद्र कलह करणार नाहींत. लेखकांना हें बंधन फार जाचे, आणि नाट्य म्हणजे संघर्ष असें मानणारास तें वेडगळच वाटेल. आमचें मत उलट आहे. द्वेष वर्ज्य केला म्हणजे संघर्ष तत्त्वांत शोधावा लागतो, आणि चांगल्या लेखकाच्या हातीं तोच अधिक तीव्र होतो. १९८९ सालच्या ‘मेझर ऑफ ए मॅन’मध्यें डेटा हा यंत्रमानव कोणाची मालमत्ता आहे कीं स्वतंत्र व्यक्ति, याचा खटला चालतो. त्याच्याविरुद्ध बाजू मांडण्याचें काम त्याचाच मित्र रायकर याच्यावर येतें. तो नाकारील तर निकाल आपोआप डेटाच्या विरुद्ध लागावयाचा. म्हणून मित्रास वांचविण्यासाठीं मित्राविरुद्ध मनापासून भांडणें आलें. भर न्यायासनापुढें तो डेटाची कळ बंद करतो आणि हालतेबोलते शरीर मेजावर कोसळतें, तेव्हां रायकरच्या मुखावर जी छाया येते ती कोणत्याहि वैरानें निर्माण झाली नसती.

‘डार्मॉक’ हा १९९१ सालचा भाग तर मराठी वाचकासाठींच लिहिला असावा. तेथील एक जमात केवळ आपल्या पुराणकथांच्या उल्लेखांनीं बोलते. शब्द कळतात, पण अर्थ लागत नाहीं. ‘आमचें पानिपत झालें’ किंवा ‘त्यानें ध चा मा केला’ हें ज्याला १७६१ व १७७३ हीं सालें ठाऊक नाहींत त्यास कोशाच्या साहाय्यानें कळेल काय? अशी भाषा मुलांना शिकवावी कशी, हा आक्षेप कोणी घेईल, व तो रास्तहि आहे. पण त्या जमातीचा नायक समान अर्थ उत्पन्न व्हावा म्हणून कॅप्टन पिकार्डला बरोबर घेऊन एका श्वापदाशीं झुंजतो, घायाळ होतो, आणि मरणाच्या दारीं पिकार्ड त्याला गिलगमेशची कथा सांगतो, तेथें आक्षेप मागें पडतो.

१९९३ सालच्या ‘डीप स्पेस नाइन’नें रॉडनबेरी यांचा दंडक मोडला. १९९८ सालच्या ‘इन द पेल मूनलाइट’मध्यें सिस्को हा अधिकारी हरत चाललेल्या युद्धांत रॉम्युलनांस आपल्या बाजूला ओढण्यासाठीं खोटा पुरावा तयार करवितो, आणि त्यापायीं मनुष्यवध घडतो. त्या मालेचे चाहते याला प्रौढत्वाचें लक्षण मानतात. आम्हांस मात्र असें दिसतें कीं, या कथेचा सगळा दाह मागील तीस वर्षांच्या आदर्शावर उभा आहे. जो कर्कला अंड्यांपुढें हात आवरतांना आणि रायकरला कळ दाबतांना पाहून आला आहे, त्यालाच सिस्कोचें पतन पतन म्हणून जाणवेल. इतरांस ती एक चतुर हेरकथा वाटेल. म्हणून नवागतानें आरंभ खाणींतील त्या कांबळ्यासारख्या प्राण्यापासूनच करावा. घरांतील मुलें प्रथम हंसतील. अंडीं ओळखूं आलीं कीं गप्प होतील.