सत्तरीचं कार्ड: खाटेचा विमा, म्हातारपणाचा नव्हे

आज आपण एका कार्डाची चिकित्सा करू. नाव ‘आयुष्मान वय वंदना’. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड मिळू लागलं. वय ७० किंवा जास्त असलं की पुरे, उत्पन्न विचारत नाहीत. वय मात्र आधारवर असेल तेच धरतात.

आधी श्रेय देऊ. या वयात खासगी विमा घ्यायला गेलं की हप्ता ऐकूनच माणूस परत फिरतो. वर जुन्या आजाराला प्रतीक्षा काळ. इथे हप्ता नाही, आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला. हे मोठंच काम आहे.

आता आमचा आक्षेप. जाहिरातीत ठळक दिसतात ते ५ लाख. पण ते वर्षाला, कुटुंबाला. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे, तर दोघांत मिळून. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर ज्येष्ठांना वेगळे ५ लाख मिळतात. त्यातले मुला-नातवांना वापरता येत नाहीत.

याहून मोठी गोष्ट म्हणजे हे पैसे कशासाठी? दवाखान्यात भरती झालात तर. डायलिसिससारखे काही दिवसभराचे उपचार त्यात येतात, हे खरं. पण बीपीची रोजची गोळी, साखरेची तपासणी, डॉक्टरांची बाहेरून भेट? ते नाही. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस औषध-तपासण्या मिळतात. सोळाव्या दिवशी खिशात हात घालायचा. दुखणं जन्माचं आणि विमा पंधरवड्याचा, असा हा हिशेब.

म्हणूनच केंद्र सरकारच्या निवृत्तांनी घाई करू नये. त्यांना सीजीएचएस किंवा हे कार्ड, यातलं एकच निवडावं लागतं. सीजीएचएसमध्ये रोजची औषधं मिळतात. ती सोडून हे घेणं आम्हाला तोट्याचं वाटतं. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय असलेल्यांना मात्र काही सोडावं लागत नाही. त्यांनी कार्ड जरूर काढावं.

आणि साठ ते सत्तरचं काय? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा साठीलाच ज्येष्ठ म्हणतो, योजना दहा वर्षं थांबवते. महाराष्ट्रात ही फट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने बरीचशी बुजवली आहे. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेवरही ५ लाखांचं संरक्षण आहे. पण तिथेही भर भरतीवरच. गोळ्यांचा डबा पुन्हा बाहेर.

आमचं म्हणणं एवढंच, की म्हातारपण खाटेवर कमी आणि औषधाच्या दुकानासमोर जास्त जातं. ज्येष्ठांसाठी म्हणून काढलेल्या योजनेत रोजची औषधं हवीतच. ती मागणी लावून धरू या.

तोवर कार्ड काढून ठेवा. भरती होण्याआधी आरोग्यमित्राला नेमकं विचारा, ‘हे रुग्णालय याच उपचारासाठी योजनेत आहे ना?’ कारण रुग्णालय यादीत असलं तरी प्रत्येक विभाग असतोच असं नाही. आणि हो, कार्ड मिळालं म्हणून गोळ्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडू नका.